जाळीपलीकडची अक्का

येलहंक्याचं घर आम्ही घेतलं ते अंगणातल्या पोहण्याच्या तलावासाठी, आणि पहिल्याच आठवड्यात मला धडकी भरली तीही त्याचीच. आश्लेषा तीन वर्षांची. क्षणभर डोळ्यांआड झाली की पळालीच समजा. म्हणून कुंपण घालायचं ठरलं. रविवारी दुपारी बनशंकरीचे कुंपणवाले जयतीर्थअण्णा तीन नमुने घेऊन आले. आमच्यासारखेच पिढ्यान्‌पिढ्या इथले मराठी, त्यामुळे गप्पा लगेच रंगल्या.

सासूबाईंना काच आवडली, पलीकडची बाग दिसत राहते म्हणून. माझा नवरा श्रीवत्स लोखंडी गजांवर अडून बसला. आडव्या पट्ट्या असल्या तर पोर शिडीसारखं चढतं, फाटक आपोआप मिटायला हवं, कडी उंच हवी, असं अण्णा हसत समजावत होते. तिसरा नमुना काळ्या जाळीचा. तिचे खांब फरशीत भोकं पाडून बसवतात. तेव्हा मात्र ती काठावर नुसती खुर्चीला टेकवून ठेवली होती.

वाद संपेना, तसे आम्ही कॉफीला आत गेलो. आश्लेषा आजीजवळ आहे असं मला वाटलं, आणि आजीला वाटलं माझ्याजवळ.

कॉफी ढवळताना बाहेरची पाखरं एकदम गप्प झाली. क्लोरीनच्या वासात ओल्या शेवाळाचा वास मिसळून आत आला… मी धावले.

खुर्ची कलंडली होती. आश्लेषा सगळा भार टाकून जाळीवर रेलली होती, आणि जाळी ताठ उभी होती, पलीकडून कुणी दोन्ही हातांनी रेटून धरल्यासारखी. पलीकडे फक्त पाणी होतं.

"अक्का सोडेना," ती खिदळत म्हणाली. "मागे जा म्हणते…"

तिला मोठी बहीण नाही. मी तिला उचलून छातीशी धरलं, तेव्हा कुठे जाळी सावकाश पाण्यात आडवी झाली.

वाद तिथेच मिटला; जाळीच ठरली. सासूबाईंनी काठावर हळदकुंकू वाहिलं. श्रीवत्स कधी नव्हे ते मुकाट्यानं कानडीतलं "सरी", म्हणजे "बरं", म्हणाला, त्याचंच आम्हाला हसू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा भोकं पाडायला आले. फरशीवर खुणा करता करता थबकले, मला जवळ बोलावलं. प्रत्येक खुणेखाली आधीचंच भोक होतं, सिमेंटनं बुजवलेलं; तेवढ्याच अंतरांवर, तलावाभोवती वळसा घालून.

"घातलेलं कुंपण कुणी काढत नाही, मॅडम," अण्णा हळूच म्हणाले.

घर नवंकोरं होतं. आमच्याआधी तिथं कुणीच राहिलेलं नव्हतं.

खांब त्याच भोकांत बसले, अगदी मापात. आता फाटक खट्टकन मिटतं, आश्लेषा बाबाच्या खांद्यावर बसून पाणी उडवते, सासूबाई काठावरून ओरडत राहतात. एवढी मजा या घरात येईल असं वाटलं नव्हतं.

एक गोष्ट मी अजून घरात कुणाला सांगितलेली नाही. शेवटच्या भोकावर अण्णांनी छिन्नी टेकवली, तेव्हा ती अलगद आत गेली. तिथलं सिमेंट अजून ओलं होतं.