स्मृती-१४

खोटं वाटलं तर वाटू दे. मी कुणाला पटवायला बसलेलो नाही. पण ज्या फरशीबद्दल सांगणार आहे, त्या फुटलेल्या फरशीवर मी स्वतः हात फिरवून आलोय.

मागच्या वर्षीचा एप्रिल. भर दुपार. लालबाग आणि परळच्या मध्ये एक जुनं वाचनालय आहे, पहिल्या मजल्यावर. नाव सांगणार नाही, कारण माझी मामेबहीण नूपुर अजून तिथेच नोकरी करते.

तिचं काम नव्या पुस्तकांच्या खरेदीचं. ऐकायला एकदम सपक काम. कुठलं पुस्तक कुणाच्या निधीतून आलं ते कळावं म्हणून प्रत्येक निधीला एक कोड असतो. जिवंत माणसाने निधी दिला तर 'देणगी' आणि पुढे आकडा. गेलेल्याच्या नावाने घरच्यांनी दिला तर 'स्मृती' आणि आकडा. कोड टाकला की कॉम्प्युटर लेबल छापतो. देणगीचं साधं, 'श्री. अमुक यांच्याकडून'. स्मृतीचं काळ्या चौकटीचं, 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ'. शिवाय जो देणगीदार, तो आपोआप वाचनालयाचा सभासद.

एप्रिलमध्ये सगळे कोड नव्या आर्थिक वर्षात उतरवावे लागतात. तिथेच नूपुरची गडबड झाली.

देणगी-१४ चिंतामणीकाकांचा. स्मृती-१४ गुणाजी नावाच्या एका गिरणी कामगाराचा. आकडा एकच, ओळी खालीवर. नावं उलटसुलट पडली.

जिवंत माणूस स्मृतीत गेला.

मेलेला माणूस देणगीत आला.

आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही.

चिंतामणीकाका म्हणजे रिटायर्ड हेडक्लार्क, चिंचपोकळीला चाळीत एकटे राहणारे. दुपारी वाचनालय वाचकांना बंद असतं, पण काकांना कोण अडवणार? नूपुरचे वडील गेल्यावर ही नोकरी तिला त्यांनीच मिळवून दिली. तिच्या लग्नात बापाच्या जागी तेच उभे राहिले. त्यांना साधी सर्दी झाली तरी ही बया सैरभैर होते.

त्या सोमवारी काका नेहमीच्या टेबलाशी पेपर वाचत होते. नूपुर नव्या पुस्तकांवर लेबलं चिकटवत होती. समोर काय छापलंय ते बघायचे कष्ट कोण घेतो? रोजचंच काम.

जिन्यावर आवाज आला.

ठक... घर्र... ठक... घर्र...

पाय ओढत कुणीतरी चढत होतं. सोबत पायरीवर लोखंड घासत होतं.

"कोण आहे? चारनंतर या!" नूपुर ओरडली.

आवाज दारापर्यंत आला... आणि आत आला.

दारात कुणीच नव्हतं.

काकांनी पेपरचं पान उलटायला उजवा हात पुढे केला. तेवढ्यात हवेत काहीतरी सणसणलं आणि टेबल हादरलं. काकांच्या मनगटाचं हाड कातडी फाडून बाहेर आलं होतं. पेपरवर रक्त सांडत होतं. ते ओरडलेसुद्धा नाहीत, नुसते हाताकडे बघत राहिले. सागाच्या टेबलाला बोटभर खोल खळगा पडला होता.

डॉक्टरांनी विचारलं, कसं झालं? नूपुरने सांगितलं, पडले. दुसरं काय सांगणार?

शनिवारी काका प्लास्टर गळ्यात अडकवून पुन्हा हजर. "घरी भिंती बघत बसू का?" म्हणाले. नूपुरने त्यांना जिन्यापासून लांब, आतल्या खुर्चीत बसवलं. काका समोर दिसल्यावर तिला जरा बरं वाटलं.

त्याच दुपारी मालनताई आल्या. गुणाजीची मुलगी, वरळीच्या बीडीडी चाळीत राहणारी, सत्तरीची. दरवर्षी वडिलांच्या पुण्यतिथीला यायच्या आणि त्यांच्या नावाच्या नव्या पुस्तकांवर सोनचाफ्याचं एकेक फूल ठेवायच्या. वाचनालयात सगळ्यांनाच हे ठाऊक.

त्यांनी पहिलं पुस्तक उघडलं. हातातलं फूल खाली पडलं.

"नूपुर, ह्या काय गो? काळी चौकट खंय गेली? माझ्या बाबांका 'श्री.' कित्याक लावलंस?"

नूपुरने शेजारचा गठ्ठा ओढून पुस्तक उघडलं. काळी चौकट. 'कै. चिंतामणी...'

काकांनी वाकून वाचलं आणि खो खो हसले. "अगं, मला जिवंतपणीच पोचवलंस की!"

"काका, सॉरी... मी आत्ता बदलते."

"बदलशील गं. आधी चहा मागव. मेलेल्या माणसालाही तल्लफ येते."

मालनताई हसल्या नाहीत. त्या काकांच्या प्लास्टरकडे बघत होत्या.

"उजवो हात?" त्यांनी हळूच विचारलं.

"हो. का?"

"बाबांका ह्याच जिन्यार मारल्यानी. गिरणीतलो कसलो तरी राग. मी सहावीत होतंय. चौघे होते, हातात लोखंडाची सळई. पयलो उजवो हात मोडल्यानी. मगे गुडघो. मगे..."

त्यांनी स्वतःच्या डोक्याला हात लावला.

जिन्यावर आवाज आला.

ठक... घर्र... ठक... घर्र...

काका उठायला गेले. त्यांच्या गुडघ्यात काहीतरी असं बसलं की पाय उलट्या बाजूला वाकला. या वेळी ते ओरडले. ती किंकाळी खाली रस्त्यावरच्या फळवाल्यानेही ऐकली, मी त्याला विचारलंय. काका फरशीवर कोसळले. पांढरी पॅन्ट लाल होत गेली.

आणि मग नूपुरला जाणवलं...

पाय ओढण्याचा आवाज थांबला होता.

आता खोलीत कुणीतरी दोन धड पायांवर चालत होतं.

तिने कॉम्प्युटरकडे झेप घेतली. 'कोड बदला' दाबलं. स्क्रीनने नकार दिला. या कोडवर पुस्तकं आहेत, बदल होणार नाही. म्हणजे एकेक पुस्तक आधी कोडवरून काढायचं. एक काढलं. दुसरं. मागे लोखंड फरशीवरून घासत काकांकडे निघालं होतं.

"लवकर गो!" मालनताई ओरडल्या. मग हवेकडे बघून म्हणाल्या, "बाबानू! मी मालन! ह्येंका मारू नका!"

घर्र... घर्र...

थांबलं. काकांच्या डोक्याशी.

सत्तरीची ती बाई, गुडघे दुखतात म्हणून जिना चढताना चार वेळा बसणारी, धाडकन काकांच्या अंगावर आडवी पडली. त्यांचं डोकं तिने पोटाशी धरलं.

हवा सणसणली.

फटका फरशीवर बसला, तिच्या कानाशेजारी. फरशीचे तुकडे उडाले, एक तिच्या गालात घुसला. पुन्हा फटका. पुन्हा. आजूबाजूची फरशी पिठासारखी झाली. पण तिच्या अंगाला एकही लागला नाही.

मग पावलं वळली. जिना उतरून गेली. सरळ, दमदार, तरण्या माणसाची पावलं.

नूपुर रडत रडत पुस्तकं काढत होती. गठ्ठा संपला. स्क्रीनवर एकच पुस्तक उरलं होतं, आणि ते काही केल्या निघेना.

ते वाचायला बाहेर गेलं होतं.

सोमवारी. दुपारी. वाचनालय बंद असताना.

नेणाऱ्या सभासदाचं नाव... श्री. गुणाजी.

पुस्तक बाहेर असेपर्यंत कोड बदलत नाही. सभासदाचं नावही काढता येत नाही. सॉफ्टवेअरवाल्याला दोनदा बोलावलं. तो म्हणाला, "मॅडम, बुक रिटर्न करा ना, सिंपल आहे." नूपुरने त्याच्याकडे असं पाहिलं की तो चहा न घेताच गेला.

काका जगले. पाय गेला. मालनताई त्यांच्या खोलीवरच राहायला गेल्या. चाळीत कुजबुज झाली, या वयात हे काय म्हणून. होऊ दे. चाळीच्या जिन्यावर ती दमदार पावलं अधूनमधून येतात, दारापर्यंत. आतून मालनताई "बाबानू" म्हणतात. पावलं परत जातात. मी एकदा तिथे बसून ऐकलंय. त्यानंतर मी त्या चाळीत पाऊल ठेवलेलं नाही. भित्रा म्हणा हवं तर.

वर्ष उलटलं. ते पुस्तक अजून परत आलेलं नाही.

परवा मालनताईंना छातीत दुखलं. परळच्या हॉस्पिटलात ॲडमिट केलंय. शुद्धीवर आल्या की एकच विचारतात, "काकांजवळ कोण आसा?"

आत्ता मी हे लिहितोय तेव्हा काकांजवळ नूपुर बसली आहे. मी फोनवर खूप भांडलो, पण ऐकेल ती नूपुर कसली. "बापाला एकटं टाकू का, दादा?" म्हणाली.

तिचं बरोबर आहे. काका तिला बापासारखेच.

पण ती गुणाजीची मुलगी नाही.