हातांचं बेट

दर वर्षी मार्चमध्ये नवा गतिनकाशा जाहीर व्हायचा आणि त्या सकाळी देशभरातल्या प्रयोगशाळांत कुणाचंच कामात लक्ष नसायचं. पडद्यावर निळा समुद्र दिसे आणि त्यात लहानमोठी बेटं. कुठलं बेट वाढलं, कुठलं आक्रसलं, यावर पुढच्या वर्षाची अनुदानं ठरत. विद्यार्थी त्यावरूनच विषय निवडत.

माणूस चालतो कसा, पडतो कसा, वस्तू उचलतो कशी, यावर जगात इतकं संशोधन छापलं जात होतं, की ते वाचून संपवणं कुणाच्याच आवाक्यात राहिलं नव्हतं. म्हणून डॉ. शर्वाणी केळुसकर यांनी पुण्यात ते यंत्राकडून वाचून घ्यायला सुरुवात केली. तत्त्व साधं होतं. माणसांसारखा शब्दांनाही शेजार असतो. ‘गुडघा’ जिथे येतो, तिथे आसपास ‘जिना’, ‘झीज’, ‘वजन’ हे शब्द हमखास सापडतात. लाखो निबंधांतून यंत्र असे शेजार शोधायचं आणि सतत एकत्र नांदणाऱ्या शब्दांचं एक बेट करायचं. त्यावर लिखाण वाढलं की बेट वाढे. फारच लहान झालेलं बेट नकाशावर काढलंच जात नसे.

हातांचं बेट असंच नकाशावरून गेलं, त्याला दहाएक वर्षं झाली होती. तेव्हा कुणाला त्याचं विशेष वाटलं नव्हतं. म्हाताऱ्यांना चालताना पायांना आधार देणाऱ्या चालपट्ट्यांचे दिवस होते. सगळं जग पायांच्या मागे लागलं होतं.

रणजित भोईटे फलटणहून शर्वाणींकडे आले, ते पत्नीला घेऊन. अनुजा जन्मापासून बहिरी. कर्णबधिर विद्यालयात ती खुणांच्या भाषेत भूगोल शिकवायची. आता ती हात मांडीवर दाबून बसली होती.

“पोळ्या लाटते, सुईत दोरा ओवते, काही होत नाही,” रणजित म्हणाले. “बोलायला हात उचलला, की बोटं आत वळतात. शाळा सोडावी लागली. मिरजेला यावर उपचार होते असं कळलं, म्हणून गेलो. तिथं आता चालपट्टे दुरुस्त करतात. कोण कशावर काम करतं हे तुम्हाला ठाऊक असेल, म्हणून तिथल्याच एकानं तुमचं नाव सांगितलं.”

“हे स्नायूंचं दुखणं नाही,” शर्वाणी म्हणाल्या. “मेंदूत प्रत्येक बोटाची वेगळी जागा असते. एकच बारीक काम वर्षानुवर्षं केलं, की काहींच्या बाबतीत त्या जागा एकमेकींत मिसळतात. एक बोट हलवायला जावं, तर चार हलतात. आणि तेही फक्त त्याच कामाच्या वेळी.”

“बरं होतं?”

“मिरजेचे डॉ. आरवाडे करायचे. रोग्याचा हात हातात घेऊन एकेक बोट मेंदूला नव्यानं ओळखायला लावायचे. गेले ते, दोन वर्षांपूर्वी.”

“त्यांनी लिहून ठेवलं असेल ना?”

“काय करायचं ते लिहिलंय. किती दाबायचं, कधी थांबायचं, हे त्यांच्या हाताखाली राहूनच शिकायचं होतं.”

अनुजाच्या गळ्यात बोलकं होतं, मनात जुळणारी वाक्यं ओळखून मोठ्यानं म्हणणारं यंत्र. शर्वाणींनी त्याकडे पाहिलं.

“बाजारात चालतं ते,” रणजित म्हणाले. “पण ते काय बोलतं हे तिला स्वतःला ऐकू येत नाही, मॅडम. आमची भांडणंसुद्धा हातांनी व्हायची. आता घरात कुणी तिसरंच बोलतंय असं वाटतं.”

ती दोघं गेल्यावर शर्वाणींनी जुने नकाशे उघडले. हातांचं बेट मोठं होतं, आणि मग एका वर्षात निम्मं झालं होतं. असं का व्हावं? त्यांनी त्या वर्षीचे निबंध यंत्राला न देता स्वतः वाचायला घेतले. चौथ्याच दिवशी उलगडा झाला. हातांवरचं बहुतेक लिखाण याच दुखण्याबद्दल होतं. जुने लोक त्याला ‘कामपेटका’ म्हणत. तरुणांना ते नाव पटेना, कारण हा पेटका नव्हताच. ते ‘बोटगुंता’ म्हणू लागले. शब्द बदलला, शेजारचे शब्दही बदलले. यंत्रानं एका विषयाची दोन बेटं केली. जुनं घटत चाललेलं, नवं नकाशावर काढण्याइतकंही मोठं नाही. दोन्ही जोडून पाहिली, तर त्या वर्षी हातांचं काम वाढलं होतं.

त्यांनी आरवाड्यांच्या किरण मगदूम या विद्यार्थ्याला फोन लावला. तो आता चालपट्टे बनवणाऱ्या कंपनीत होता.

“मला ते काम सोडायचं नव्हतं, मॅडम,” तो म्हणाला. “पण लग्न ठरत होतं. सासऱ्यांनीसुद्धा नकाशा बघितला होता.”

“आता शिकवशील कुणाला?”

“जमेलसं वाटत नाही. हाताला आठवत नाही.”

शर्वाणींनी दुरुस्त नकाशा अनुदान समितीपुढे ठेवला. नकाशावरचा विश्वास उडेल, असं सहकारी बजावत होते, तरी ठेवला. समितीनं शांतपणे ऐकून घेतलं.

“आज या विषयावर किती जण काम करतात?” अध्यक्षांनी विचारलं.

“कुणीच नाही.”

“मग अनुदान द्यायचं कुणाला, डॉक्टर?”

हे सांगायला त्या स्वतः फलटणला गेल्या. रणजितनी चहा केला. सगळं ऐकून ते म्हणाले, “म्हणजे नकाशा चुकला होता.”

“पहिल्या वर्षी चुकला. पुढे दर वर्षी खरा होत गेला. लोक तो बघूनच निघून गेले.”

अनुजा शर्वाणींच्या ओठांकडे बघत होती. तिनं गळ्यातलं बोलकं काढून टेबलावर ठेवलं आणि दोन्ही हात उचलले. पहिल्या खुणा झरझर उमटल्या. मग उजव्या हाताची बोटं एकेक करून आत मिटली. तिनं ती डाव्या हातानं उघडली, पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडकली. शेवटी हात खाली घेतले.

रणजितनी तिच्याकडे बघून मान डोलावली. तिनंही डोलावली आणि ती आत गेली.

“काय म्हणाल्या?” शर्वाणींनी विचारलं.

रणजित कप गोळा करत राहिले.

“शेवटचं काही कळलं नाही,” ते हळूच म्हणाले. “हल्ली मी नुसतीच मान हलवतो. तिला वाटतं, मला समजलं.”