एका टोपलीतली पिल्लं

मी शार्कच्या पराला कात्री लावली, आणि पलीकडून कुणीतरी त्याचं शेपूट ओढलं!

"अहो, हा मासा मी आधी बघितलाय."

"बघितलाय तुम्ही, पण धरलाय मी," तो हसून म्हणाला.

धक्क्यावर बर्फाचं पाणी माझ्या बुटात शिरत होतं, आणि हा हसत होता... मी पराचा तुकडा कापला, स्पिरिटच्या कुपीत टाकला आणि त्याच्याकडे न बघता निघाले. दुपारी बघते तर तोच इसम आमच्या प्रयोगशाळेत, माझ्या शेजारच्या टेबलावर! प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम म्हणाल्या, "हा आजपासून आपल्याकडे. सांभाळून घे."

सांभाळून? मी?

माझं काम तेव्हा अगदी शेवटाला आलं होतं. वरच्या खाडीतले आणि खालच्या बंदरातले शार्क दिसायला सारखे. पण त्यांच्या डीएनएमधल्या खुणा जुळवल्या, की वरचे वेगळ्याच कुळातले निघत. हे सिद्ध झालं, तर पिल्लांच्या दिवसांत वरच्या खाडीत जाळी बंद होणार होती. वरची सगळी पिल्लं मला एकाच होडीवर, एकाच टोपलीत मिळाली होती. केवढं नशीब, असं वाटलं होतं!

"एक सांगायचं होतं—" तो अधूनमधून म्हणायचा.

"नंतर!"

"तुमच्या त्या पिल्लांबद्दल—"

"म्हटलं ना, नंतर! आणि माझं पेन द्या."

पेन देताना त्याची बोटं माझ्या बोटांना लागायची. त्याचाही मला राग यायचा... आणि नाही लागली, की जास्तच.

घरी मी त्याच्या नावाने बोटं मोडायची. शेवटी आई म्हणाली, "रोज तोच विषय. त्यापेक्षा जेवायलाच बोलाव ना त्याला." मी आईशी अबोला धरला.

मग तो दिवस. मत्स्यखात्याचे साहेब समोर, माझा आलेख पडद्यावर, आणि हा मागच्या रांगेतून उठला. "वरची पिल्लं एकाच टोपलीतली आहेत का?"

"हो. मग?"

"मग ते वेगळं कूळ कशावरून? एकाच आईच्या पोटची भावंडं असली, तर एकमेकांसारखी असणारच."

साहेबांनी फाइल मिटली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. जिन्यात गाठलंच मी त्याला. "एकट्यात सांगता आलं नसतं?"

"एकट्यात तू मला वाक्य पुरं करू देतेस कुठे?" तोही भडकला होता. आणि चक्क 'तू' म्हणाला होता. "थांबायला हवं होतं मी, मान्य. पण उद्या छापून आल्यावर कुणी परक्याने तुझी लक्तरं काढली असती ना... मला बघवलं नसतं!"

"तुला काय करायचंय?"

तो दोन-दोन पायऱ्या उतरत निघून गेला.

खुणा पुन्हा तपासल्या. भावंडंच होती, मेली!

मग रोज पहाटे वरची खाडी, आणि प्रत्येक होडीतून एकच मासा. न बोलावता तो यायचा, कुपी धरायचा, मी कापायची. भांडण चालूच... कात्रीवरून, चहावरून, कशावरूनही. माझे हात गारठले, की तो आपले हातमोजे पुढे करायचा. मी ते रागारागाने घालायची.

नवा निकाल आला. फरक आधीपेक्षा लहान होता, पण होता. खरा होता! मी खुर्चीत मटकन बसले, आणि हा उड्या मारायला लागला.

"तू का नाचतोयस? तूच शंका काढली होतीस ना?"

"काढली होती. पण तुझं खरं ठरावं म्हणून तर पहाटे उठत होतो!"

मला भयंकर राग आला. त्याचा, माझा आणि आईचा, कारण शेवटी तिचंच खरं होत होतं.

"एक सांगायचं होतं—" तो म्हणाला.

'नंतर' अगदी ओठांवर आलं होतं. मी ते गिळलं, हाताची घडी घातली आणि गप्प उभी राहिले.

तो नुसता बघत राहिला. कान लालबुंद. आता बोलू दिलं, तर पठ्ठ्याच्या तोंडून शब्द फुटेना!

"अरे, बोल ना!" मी ओरडले. "ऐकतेय मी!"

"तू... मला फार आवडतेस."

"एवढंच? एवढ्यासाठी इतके महिने?" मी खिशातले त्याचे हातमोजे त्याच्या अंगावर फेकले. "चल घरी. आईने जेवायला बोलावलंय."