पाठमोरा जिना

माझ्या मुलाने, प्रणवने, स्वतःच्या बायकोला, स्नेहलला, माणसांदेखत चोर म्हटलं. आवाज ऐकून शेजारून आलेली घरमालकीण गोरी, तिला मराठी कळत नाही. पण रडणं कुणालाही कळतं.

युट्रेख्टहून, प्रणवच्या परदेशातल्या घरून, आम्ही दोन दिवस झीलंडला, समुद्रकाठच्या एका गावी गेलो होतो. तिथली जुनी घरं बघायला जग लोटतं. आम्ही भाड्याने घेतलेलंही तसलंच, उंच नि चिंचोळं. जिना म्हणजे शिडी, कठड्याच्या जागी दोर. मालकिणीने पायऱ्यांकडे तोंड करून उतरून दाखवलं. माझे दीर वासुदेवभावजी म्हणाले, "मी माडावर चढलेला माणूस," आणि सरळ उतरायला जाऊन चार पायऱ्या घसरले. मग सगळे पाठमोरेच उतरू लागले.

प्रणव लॅपटॉप घरी ठेवून आला, याचं मला बरं वाटलं. लॅपटॉपची बॅग मात्र त्याच्या खांद्यावरून उतरत नव्हती.

सकाळी मी नि भावजी धक्क्यावर जाऊन आलो, तर माडीवरची माझी कापडी पिशवी गेलेली. तीत माझ्या चिपळूणच्या घराचे कागद. ते मी कुणाच्या भरवशावर ठेवून येणार? प्रणवला घर बिल्डरला द्यायचं होतं, मी नाही म्हटलं होतं.

"स्नेहलनेच घेतली," प्रणव म्हणाला. "तिच्या भावाचा डोळा आहे त्या घरावर."

"तू बघितलंस?"

"खाली उभा होतो. अर्ध्या जिन्यात होती, पिशवी पोटाशी धरलेली. मला बघून चेहराच पडला तिचा."

"तू वर गेला होतास?"

"पायसुद्धा नाही ठेवला."

स्नेहलला विचारलं. "टॉवेल आणायला गेले होते, आई. खांद्यावर टाकून उतरले. दोर धरायला दोन्ही हात लागतात."

"वहिनी, रडतेय म्हणजे काहीतरी असणार," भावजी कुजबुजले.

"तुम्ही माडावरच बरे."

मी सगळ्यांना जिन्याखाली उभं केलं. "स्नेहल, वर जा. आता उतर."

ती उतरली.

"भावजी, काय दिसलं?"

"वेणी. टाचा."

"चेहरा?"

"तो कसा दिसेल? पाठ आपल्याकडे..." भावजी थांबले.

"प्रणव, दोन हात दोराला, मग पिशवी कुठल्या हाताने धरली तिने? आणि पडलेला चेहरा तुला पाठीतून दिसला? घरात तुम्ही दोघंच होतात. लॅपटॉप नाही त्या बॅगेत, मग काय आहे? उघड."

त्याने उघडली. आत अगदी वरच माझी पिशवी होती.

"आई, मी फक्त..."

"मला लुबाडलंस, ते मी गिळलं असतं. पण बायकोला चोर करून तिच्या आड लपलास. स्नेहलला वाटलं तर ती माझ्याबरोबर चिपळूणला येईल. तू येऊ नकोस."