पर्यायी निवास

लष्करी मालमत्ता खात्याच्या निरीक्षक बाई दुपारी बरॅक सातमध्ये आल्या त्या एका सहीसाठी. इमारत रिकामी असल्याचा दाखला दिला, की ती पाडली जाणार आणि तिच्या दुरुस्तीचा निधी शेजारच्या कुटुंब वसाहतीला मिळणार. तिथली छतं गळत होती, लेकरं घरात छत्री उघडून अभ्यास करत होती. बाईंच्या मनात त्यामुळे जराही किंतु नव्हता.

राखणदार निवृत्त हवालदार होता. त्यानं कुलूप काढलं. आत खाटांच्या दोन लांब रांगा, प्रत्येक खाटेवर नीट घडी घातलेलं घोंगडं. बारा वर्षं बंद असलेल्या जागेला कुबट वास यायला हवा. इथं बुटांच्या पॉलिशचा ताजा वास येत होता.

"हे सामान जमा का नाही केलं, काका?"

"ज्याचं त्यानं जमा करायचं असतं, मॅडम. तोवर खाट त्याच्याच नावावर. ही पोरं सीमेवर गेली, ती... यायची राहिलीत."

बाईंनी एका घोंगड्यावरून हात फिरवला. पण सरकारी अर्जात हळवेपणाला रकाना नसतो. त्या खोलीच्या टोकापर्यंत जाऊन वळल्या, तर मागच्या सगळ्या घोंगड्यांच्या घड्या मोडलेल्या. खिडक्या बंद होत्या. म्हातारा दारातून हललाही नव्हता.

त्यांनी घाईघाईनं सही ठोकली.

"मॅडम, इमारत पाडताना रहिवाशांना पर्यायी निवास देतात ना? मग यांना कुठं पाठवू?"

भीती वाटली की थट्टेवारी न्यायची, ही बाईंची जुनी खोड. "पाठवा माझ्या घरी! दोन खोल्या आहेत, मावतील."

म्हातारा हसला नाही. त्यानं टाचा जुळवून सलाम केला, मग आत वळून बाईंचं वाक्य खणखणीत आवाजात जसंच्या तसं सांगितलं. वरिष्ठाचा शब्द लष्करात कुणी थट्टेवारी नेत नाही, हे बाईंना इतक्या वर्षांच्या नोकरीत कळायला हवं होतं.

उन्हं उतरायच्या आत त्या घरी पोचल्या. डोळ्यांनी अधू झालेली आई पुढच्या खोलीत पाय पसरून बसली होती. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"अगं, एवढी पोरं येणार म्हणून आधी सांगायचंस तरी! किती गुणी गं, कुणाचा गलका म्हणून नाही."

"कुठली पोरं, आई..." खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

"बसा म्हटलं तर बसत नाहीत. केव्हाची ताटकळलीत. तुझा हुकूम लागतो म्हणे."

'निघा' हा शब्द बाईंच्या अगदी ओठांवर आला होता. पण त्या पोरांना तो एकदा कुणीतरी सांगितलाच होता, आणि ती मुकाट निघाली होती. आता कुठं जातील बिचारी?

"बसा..." त्या कशाबशा म्हणाल्या.

आईनं लगबगीनं पाय जवळ घेतले.

"सावकाश रे बाळांनो," ती म्हणाली, "होईल सगळ्यांना जागा."