सोळाव्या सोमवारची ओळ

"तुम्हाला ऐकू येतं का?"

पहिल्याच भेटीत कोणी इतक्या मोठ्यांदा असं विचारलं, तर हसावं की रागवावं… विद्याश्रीला ठरवता येईना. ती नुसती बघत राहिली.

समोरचा तरुण आत्ताच बेंगळूरहून आनेकलच्या बसनं आला होता. कुरळ्या केसांवर धूळ, हातात हत्यारांची पेटी. पंपांच्या त्या छोट्या कारखान्यात कॉम्प्युटर बिघडला म्हणून त्याला पाठवलं होतं, आणि त्याच्या मोडक्या कन्नडमधल्या तीन प्रश्नांपैकी एकाचंही उत्तर समोरच्या मुलीनं दिलं नव्हतं, म्हणून चौथा मराठीतच सुटला होता. आता तर तो हातवारे करू लागला — स्वतःच्या डोळ्यांकडे बोट, मग पडद्याकडे, मग दोन्ही हात हवेत.

"ओ अण्णा, स्वल्प हळू," पलीकडच्या टेबलावरून सगुणाबाई म्हणाल्या. "बहिरी नव्हे ती. सोमवार आहे आज."

विद्याश्रीनं एक रद्द झालेली चिठ्ठी उलटी केली आणि लिहिलं — 'सोळा सोमवारचं व्रत आहे. सूर्य मावळेपर्यंत मौन. आज अकरावा.'

त्यानं वाचलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला.

"माफ करा. मी सुशांत. पुण्याचा." मग थोडं थांबून, "मराठीत लिहिलंत… मी तासभर कन्नड जुळवत बसलो होतो बसमध्ये."

तिनं ओठ घट्ट मिटले. हसू डोळ्यांतून निसटलं ते निसटलंच.

बिघाड मोठा चमत्कारिक होता. कॉम्प्युटर नीट सुरू व्हायचा, नाव विचारायचा, पासवर्ड विचारायचा. तिनं पासवर्ड दिला की पडदा काळाकुट्ट. सुशांतनं कॉम्प्युटरची पेटी उघडली, तारा काढून पुन्हा बसवल्या, आतलं कार्ड पुसलं. ती पासवर्ड टाईप करायला लागली की तो दर वेळी शहाण्यासारखा खिडकीकडे तोंड करायचा. आणि दर वेळी वळून पाहावं, तर काळोख.

"आत सगळं चालू आहे," तो पेटीला कान लावून म्हणाला. "दिवा लुकलुकतोय, कामही करतोय. फक्त बाहेर काही दिसू देत नाही." मग तिच्याकडे न बघता, "अशी माणसंही असतात म्हणा."

विद्याश्रीनं मान खाली घातली. आणि तेव्हाच तिला ते दिसलं.

मागल्या आठवड्यात दसऱ्याची आयुधपूजा झाली होती. कारखान्यातली यंत्रं धुऊनपुसून, कॉम्प्युटर सुटे करून सगळे मोठ्या खोलीत मांडले होते, आणि कुंकू लावायचं काम तिचं होतं. प्रत्येक पडद्याच्या चौकटीला एक बोट. आपल्या पडद्याला मात्र तिनं गुपचूप दोन लावली होती… रोजचा सोबती म्हणून. समोरच्या चौकटीवर एकच होतं.

'हा माझा पडदा नाही,' तिनं लिहिलं. 'पूजेनंतर परत ठेवताना बदलला. माझा दोन बोटांचा.'

सुशांतनं चिठ्ठी दोनदा वाचली आणि कपाळाला हात लावला. दोन बोटांचा पडदा गेटवरच्या खोलीत सापडला. तिथला जुना तिच्या टेबलावर आला होता. त्या जुन्याला नुसती अक्षरं दाखवता येत, म्हणून नाव-पासवर्डपर्यंत ठीक चाले. पुढचं मोठं चित्र त्याला पेलायचंच नाही. तो मुकाट काळा व्हायचा.

"चार वर्षं शिकलो हे," तो पेटी बंद करत म्हणाला. "कुंकवाची बोटं मोजायची असतात, हे कोणी सांगितलं नाही."

त्या सोमवारी घरी जाताना बसमध्येच सूर्य मावळला, मौन सुटलं, गवीपुरच्या देवळात तिनं गंगाधरेश्वराला बेल वाहिला… आणि तिला कळलं, जे बोलायचं होतं ते ऐकणारा तिथं नाही.

सुशांतचा या बाजूचा फेरा सोमवारचाच. मंगळवारी तो मारतहळ्ळीला, बुधवारी आणखी कुठे. म्हणजे तो समोर असे तेव्हा तिला बोलता येत नसे, आणि बोलता येई तेव्हा तो नसे. तो बोलायचा, ती चिठ्ठ्यांच्या पाठीवर लिहायची.

"तुमचा आवाज कसा असेल, असं मी बसमध्ये रोज ठरवत असतो," एकदा तो म्हणाला. "आज वाटलं, जाड असेल."

'सगुणाक्कांना विचारा.'

"विचारलं. म्हणाल्या, उपाशी मांजरासारखा."

विद्याश्रीनं सगुणाबाईंकडे असं पाहिलं की त्या खोकत चहा आणायला उठल्या.

तेराव्या सोमवारी त्यानं तिला एक गंमत शिकवली. पासवर्ड दिल्यानंतर चित्र उमटण्याआधी पडदा क्षणभर काळा असतो. त्या काळ्यावर आपल्याला हवी ती ओळ लिहून ठेवता येते, इंग्रजी अक्षरांत. वार ओळखून रोज वेगळी ओळही दाखवतो तो. आणि शेवटी एक शब्द टाकला, की कोणी कळ दाबेपर्यंत ओळ जागची हलत नाही. ती फाईल कशी उघडायची, तेही त्यानं दाखवलं.

दुसऱ्या दिवशी तिनं पासवर्ड टाकला आणि काळोखात पांढरी अक्षरं उगवली — 'आज मंगळवार. आज तुम्ही बोलताय. कोणाशी?'

बुधवारी — 'डबा खाल्लात?' शुक्रवारी नुसतं — 'अजून तीन दिवस.'

ती कळ दाबायला उशीर करू लागली. ऑफिस भरायच्या आधी येऊन त्या ओळीपुढे बसे, हाताची घडी घालून, देवापुढे बसावं तशी. मग स्वतःलाच दटावी. व्रत धरताना संकल्पात कोणाचाच चेहरा नव्हता. आई तुंगाबाई म्हणाली, चांगलं स्थळ मिळू दे म्हण, आणि ती म्हणाली. आता डोळे मिटले की पिंडीशेजारी एक हत्यारांची पेटी दिसायची… काय करावं?

सोळाव्या सोमवारी सुशांत आला तो पेटी न घेता.

"बदली झाली," तो म्हणाला. "पुण्याला. आज रात्री साडेआठची गाडी. सव्वापाचच्या बसनं निघायला हवं. मॅनेजरांना सांगायला आलो, आणि…"

बाकीचं त्यानं गिळलं. विद्याश्रीच्या हातातलं पेन चिठ्ठीवर टेकलं ते तिथेच राहिलं. एक काळा ठिपका मोठा होत गेला.

"आज एक शब्द बोलाल?" तो अगदी हळू म्हणाला. "कुठलाही."

पंधरा सोमवार आणि अर्धा दिवस तिनं मौन सांभाळलं होतं. ओठ हललेही… आणि तिच्या डोळ्यांत पाणी पाहून त्यानंच मान हलवली.

"नको. मोडू नका. माझ्यासाठी तर मुळीच नको." आणि तो मॅनेजर रघुपतींच्या खोलीकडे गेला.

चिठ्ठीवर लिहायचं नव्हतं तिला. चिठ्ठ्या टोपलीत जातात. तिनं ती फाईल उघडली. तीन वेळा पुसून लिहिलं. मग कॉम्प्युटर बंद केला.

तो निरोप घ्यायला आला तेव्हा पाच वाजून गेले होते. तिनं पडद्याकडे बोट दाखवलं. अगदी पहिल्या दिवशी त्यानं दाखवलं होतं तसं — डोळे, पडदा, आणि दोन्ही हात हवेत.

"परत काळा?" तो पुढे आला. "बघू, पासवर्ड द्या."

सवयीनं तो खिडकीकडे वळला. बाहेर सव्वापाचची बस थांब्यावर येत होती. मागे कळांचा आवाज झाला, थांबला. तो वळला.

काळ्या पडद्यावर अक्षरं होती — 'संकल्प कोणासाठी ते अकराव्या सोमवारी कळलं. सूर्य सहाला दहा कमी असताना मावळतो. थांबाल?'

खाली लुकलुकत कळ दाबण्याची वाट बघणारी ती छोटी रेघ.

सुशांत बराच वेळ वाचत राहिला. इतकं लांब काही लिहिलेलं नव्हतं. बाहेर कंडक्टरनं शिट्टी दिली, बस गेली. त्यानं कळ दाबली नाही. खुर्ची ओढली आणि बसला.

"गाडी चुकेल हो," सगुणाबाई म्हणाल्या.

"सव्वासहाची बस आहे ना, अक्का. धावीन थोडं."

"सरी, बरं. मग मी पण बसते. पोरीला एकटी कशी सोडू." आणि त्यांनी पाठ फिरवून एकच कपाट पुन्हा पुन्हा पुसायला घेतलं.

आता तोही बोलत नव्हता, जणू त्यानंही मौन धरलं होतं. खिडकीतलं ऊन टेबलावर आलं, कुंकवाच्या दोन पुसट बोटांवर चढलं, निलगिरीच्या झाडांमागे सरकलं… आणि विझलं.

विद्याश्रीनं हात जोडले, डोळे मिटले, उघडले.

"पुढच्या सोमवारी उद्यापन आहे," ती म्हणाली. आवाज बारीक होता, किंचित घोगरा, दिवसभर न वापरलेला. "त्या दिवशी नका येऊ. मंगळवारी या. माझ्या अप्पांशी बोलायला लागेल तुम्हाला… आणि मलाही पुष्कळ बोलायचंय."

सुशांत तिच्याकडे बघतच राहिला.

"ऐकू येतं ना तुम्हाला?" तिनं विचारलं.

"येतं," तो म्हणाला. "मंगळवारी येतो."

मग त्यानं हात पुढे केला आणि कळ दाबली.