मास्तर, गाठ बघितलीत का?

ही गोष्ट रात्रीची नाही.

आधीच सांगते, कारण भुताचं नाव काढलं की लोक मध्यरात्र आणि वटवाघळं शोधायला लागतात. हे घडलं रविवारी, दुपारी पावणेचार वाजता. बाहेर रणरणतं ऊन होतं. आत सगळे दिवे चालू होते.

आणि घडलं ते माझ्या थोरल्या वहिनीच्या डोळ्यांदेखत.

वहिनी इस्पितळात एक्स-रे काढते. दिवसभर माणसांचे सांगाडे बघणारी बाई. तिखटमीठ लावून बोलणं तिच्या स्वभावात नाही. तिनं मला जे सांगितलं तेच लिहितेय. विश्वास ठेवायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

वहिनीला उंचीची भीती. साध्या स्टुलावर चढली तरी पाय लटपटायचे. चाळिशी उलटल्यावर तिनं मनावर घेतलं, ही भीती घालवायचीच. भिंतीवर गिर्यारोहण शिकवणाऱ्या वर्गात नाव घातलं. आठ रविवार.

दादा खो खो हसला. "माळ्यावरचा डबा काढायला मला हाक मारतेस, आणि भिंत चढणार?"

"डबा काढायला चढले, तर खाली धरायला तू असतोस," वहिनी म्हणाली. "तिथे धरणारा तरी भरवशाचा असेल."

वर्ग एका जुन्या गोदामात भरायचा. चौदा मीटर उंच भिंती. त्यांवर रंगीबेरंगी होल्ड ठोकलेले, म्हणजे हातापायांना आधार द्यायचे गोळे. एका रंगाचे होल्ड म्हणजे एक वाट. जमिनीवर जाड गाद्या. हवेत कायम हाताला लावायच्या पांढऱ्या पावडरीचा वास.

शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणायचे. नव्वद किलोचा धिप्पाड गडी. पण भिंतीवर मांजरासारखे चढायचे. शिकवण्यात हातखंडा.

नियम सोपे होते. चढणाऱ्यानं कमरेच्या पट्ट्याला दोर बांधायचा, आठाच्या आकाराची गाठ मारून. दोर वरच्या कड्यातून फिरून खाली येतो. खालचा माणूस तो आपल्या पट्ट्यावरच्या यंत्रातून ओवतो आणि धरून ठेवतो. चढायच्या आधी दोघांनी एकमेकांची गाठ तपासायची. मग चढणाऱ्यानं विचारायचं, "दोर?"

खालच्यानं सांगायचं, "धरलाय!"

हे उत्तर आल्याशिवाय पाय उचलायचा नाही.

पहिले दोन रविवार छान गेले.

तिसऱ्या रविवारी वहिनी निळ्या वाटेवर होती. निम्म्यावर पोचल्यावर तिनं खाली न बघता विचारलं, "दोर?"

खालून मास्तरांचं उत्तर यायच्या आत, अगदी कानाशी...

"बघितलीत का?"

बाईचा आवाज. कोवळा. अदबीनं विचारल्यासारखा.

वहिनीनं मान वळवली. शेजारच्या दोरावर कुणीच नव्हतं. दोर मात्र हलत होता...

भास झाला असेल, म्हणून तिनं सोडून दिलं.

पुढच्या रविवारी तिनं गाठ बांधली. नीट, दोनदा घट्ट ओढून. मास्तर दुसऱ्या कुणाशी बोलत होते. त्यांनी नुसता अंगठा दाखवला. "झालंय, चढा."

वहिनीनं भिंतीला हात लावला आणि सहज खाली पाहिलं...

गाठ अर्धी सुटलेली होती.

तिनं परत बांधली. मास्तर पुन्हा न बघताच म्हणाले, "ठीक आहे, चढा."

गाठ पुन्हा अर्धी सुटलेली.

तिसऱ्यांदा तिनं मास्तरांना हाताला धरून जवळ आणलं. "नीट बघा."

त्यांनी बघितली. चाचपली. त्यानंतर ती गाठ सुटली नाही.

त्या दिवसापासून वहिनी चढायच्या आधी मास्तरांना गाठ बघायला लावायची. बाकीचे हसायचे. हसू देत, म्हणायची.

गोदामाच्या अगदी टोकाला एक करड्या रंगाची वाट होती. तिच्यावर कुणी चढायचं नाही. का, ते कुणी सांगायचं नाही. सगळे तिच्यासमोरून जाताना बोलणं तेवढं थांबवायचे.

सातव्या रविवारी वहिनी तिथे बूट घालत बसली होती. वर नजर गेली, आणि...

करड्या होल्डवर पांढऱ्या पंजांचे ठसे. ताजे. खालपासून थेट वरच्या शेवटच्या होल्डपर्यंत.

लहानखुऱ्या, निमुळत्या बोटांचे.

उतरतानाचा एकही ठसा नव्हता.

आठव्या, शेवटच्या रविवारी ती लवकर गेली आणि बुटांच्या काउंटरवरच्या मावशींसमोर उभी राहिली.

"मावशी, त्या करड्या वाटेवर काय झालं होतं?"

मावशींनी हातातला बूट खाली ठेवला.

"तुम्हालाही ऐकू आलं वाटतं," त्या म्हणाल्या.

तीन वर्षांपूर्वी एक मुलगी शिकायला यायची. सव्वीस वर्षांची. अंगानं हलकी, सरसर चढायची, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणायचे. त्या दुपारी दोर धरायला मास्तर होते. कानाला फोन. चिमणीनं गाठ बांधता बांधता कुणीतरी हाक मारली, ती तिकडे वळली आणि गाठ अर्धीच राहिली.

"पण पोरीनं विचारलं होतं हो," मावशी म्हणाल्या. "मी इथेच होते. तिनं विचारलं, मास्तर, गाठ बघितलीत का? मास्तर कानाचा फोन न काढता म्हणाले, झालंय, चढ."

चिमणी वर पोचली. उतरण्यासाठी शिकवल्याप्रमाणे हात सोडून मागे रेलली.

"पुढचं मी सांगत नाही," मावशी म्हणाल्या.

चौकशी झाली. मास्तरांनी लिहून दिलं, मी गाठ तपासली होती. पोरीनंच वर गेल्यावर फोटोसाठी मस्ती केली आणि स्वतः गाठ सोडली. सगळ्यांना पटलं. तिच्या आईला भेटायला येणारेसुद्धा तेच बोलून जायचे. पोरीला मस्ती नडली.

"आणि तुम्ही?" वहिनीनं विचारलं.

मावशींनी मान खाली घातली. "मी मूग गिळून बसले. नोकरी जाईल म्हणून. मेल्याहून मेल्यासारखं झालंय तेव्हापासून."

वहिनीच्या त्या शेवटच्या रविवारी बाकी कुणीच आलं नाही. एकाला ताप, दुसरीची गाडी बंद, तिसऱ्याचा फोनच लागेना. वहिनी आणि मास्तर. आणि काउंटरवर मावशी.

वहिनी सरळ विचारणारी बाई. तिनं विचारलं, "मास्तर, चिमणी कशी पडली?"

मास्तरांचा चेहरा क्षणभर उतरला. मग ते हसले.

"कुणी कान भरले तुमचे? मस्तीखोर पोर होती. स्वतःच्या हातानं गाठ सोडली तिनं. मी काय करणार?"

तेवढ्यात भिंतीवर कुठेतरी...

टक्.

नखानं ठोकल्यासारखं.

"चला," मास्तर घाईनं म्हणाले. "आज शेवटचा धडा. मी चढतो, तुम्ही धरा. वरून मी अंग सोडेन, तुम्ही थोपवायचं."

बाकीच्या वाटांचे होल्ड धुवायला काढलेले होते. उरली होती ती एकच. करडी.

मास्तर तिच्यासमोर दोन क्षण थांबले. पण शिष्येसमोर माघार कशी घ्यायची? त्यांनी दोर ओढला, गाठ मारली.

आणखी एक सांगायला हवं. वहिनीचं वजन एकोणपन्नास किलो. खालचा माणूस इतका हलका असेल, तर त्याला जमिनीवरच्या वाळूच्या पोत्याला बांधतात. नाहीतर वरचा पडला की खालचा हवेत उडतो. मास्तरांनीच शिकवलं होतं हे.

"पोतं?" वहिनीनं विचारलं.

"काही होत नाही हो. एकदाच तर आहे."

ते चढले. भराभर हात मारत वर पोचलेसुद्धा. शेवटचा होल्ड धरून त्यांनी विचारलं, "दोर?"

वहिनीनं तोंड उघडलं. आवाज फुटायच्या आत, तिच्या पाठीमागून...

"धरलाय."

मास्तर वरच गोठले.

"कोण... कोण बोललं?"

वहिनीच्या मानेवर गार वारा येत होता. पंखे बंद होते.

"मास्तर," तोच कोवळा आवाज, तितक्याच अदबीनं. "गाठ बघितलीत का?"

मास्तरांनी खाली आपल्या कमरेकडे पाहिलं. आणि चौदा मीटरवरून किंचाळले.

"सुटतेय! अहो, गाठ सुटतेय!"

वहिनीला खालून दिसत होतं. दोराचं टोक सावकाश मागे सरकत होतं. कुणी हात लावलेला नव्हता. बोटभर सरकलं. थांबलं. अजून बोटभर...

"दोन्ही हातांनी धरून राहा!" वहिनी ओरडली. तिनं दोरावरचा हात आवळला. खालचा हात कधीच सोडायचा नाही, हेच तर आठ रविवार घोकलं होतं.

"मी नाही बघितली!" मास्तर ओरडले. रडत होते. "नाही बघितली गाठ! मी फोनवर होतो! तिनं विचारलं होतं, मीच म्हणालो चढ! तिनं काही सोडलं नव्हतं. मी खोटं लिहिलं. खोटं लिहिलं मी!"

टोक सरकायचं थांबलं.

सगळं शांत झालं. दिव्यांची घरघरसुद्धा ऐकू येईना.

आणि त्याच वेळी मास्तरांची बोटं निसटली.

दोराला जबरदस्त हिसका बसला. नव्वद किलोचा. वहिनी उडायलाच हवी होती.

ती जागची हलली नाही.

कारण तिच्या दोन्ही खांद्यांवर मागून दोन हात होते. बर्फासारखे गार. तिला जमिनीत रुतवल्यासारखे दाबून धरणारे. उजव्या खांद्यावरची बोटं तिला एकेक करून जाणवत होती.

निमुळती बोटं.

"सावकाश," कानाशी आवाज आला. "सावकाश उतरवा. मला जमिनीपर्यंत कुणी आणलं नव्हतं."

वहिनीनं शिकवल्यासारखा दोर सोडला. वीतवीत. मास्तर डोळे मिटून खाली येत होते, ओठ नुसते हलत होते. गादी वीतभर राहिली...

आणि ते थांबले.

वहिनीनं अजून दोर सोडला. दोर सैल झाला. तिच्या पायाशी वेटोळी पडली. तरी मास्तर तसेच. गादीपासून वीतभर वर. लोंबकळत.

मावशी धावत आल्या. त्यांनी मास्तरांच्या कमरेकडे पाहिलं आणि तोंडावर हात घेतला.

गाठ नव्हतीच.

दोराचं टोक पट्ट्यातून नुसतं ओवलेलं होतं. फुंकर मारली तर निघालं असतं.

मावशींनी हात जोडले, वहिनीच्या खांद्यामागे बघत. "माझंही चुकलं गं बाई. मी सांगेन, सगळ्यांना सांगेन. आता सोड त्याला."

मास्तर धपकन गादीवर पडले.

वहिनीच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं.

दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी जाऊन खरा जबाब दिला. मावशींनी दिला. वहिनीनंही दिला, खांद्यावरच्या हातांचं सोडून. गोदामाला टाळं लागलं, खटला उभा राहिला. वहिनी स्वतः जबाबाची प्रत घेऊन चिमणीच्या आईकडे गेली. आईनं तो कागद दोनदा वाचला. घडी घातली.

"म्हणजे माझी पोर मस्तीखोर नव्हती," त्या म्हणाल्या. एवढंच.

वहिनीला वाटलं, संपलं. लेकीच्या नावावरचा डाग धुऊन निघाला, आता ती शांत होईल.

चार महिन्यांनी मास्तरांच्या बायकोचा फोन आला. "एकदा येऊन जाल का? ते फक्त तुमचंच नाव घेतात."

वहिनी गेली. मास्तर खुर्चीत होते. अर्धे झाले होते. खुर्चीचे दोन्ही हात इतके घट्ट धरलेले की बोटं पांढरी पडली होती.

"डॉक्टर म्हणतात सगळं ठीक आहे," बायको म्हणाली. "पण झोपतानासुद्धा पलंगाची कड सोडत नाहीत."

मास्तरांनी वहिनीकडे पाहिलं.

"तुम्ही मला उतरवलंत ना? खरं सांगा."

"उतरवलं, मास्तर. तुम्ही घरी आहात."

त्यांनी नकारार्थी मान हलवली. "तिनं सोडलं नाही हो. पायाखाली काही लागतच नाही मला. चार महिने झाले."

वहिनीला तिथे बसवेना. ती निघाली. मास्तर भिंतीला धरून उठले, म्हणाले, जिन्यापर्यंत येतो.

जिना लाकडी होता. जुना. येताना प्रत्येक पायरी करकरली होती.

ती उतरायला लागली. तिच्या चपलांखाली पायऱ्या करकरत होत्या. मागे मास्तर उतरत होते, कठड्याला घट्ट धरून. त्यांचा धापा टाकल्याचा आवाज येत होता. चार-पाच पायऱ्या गेल्यावर तिच्या काहीतरी लक्षात आलं...

ती थांबली.

मागे मास्तर उतरतच होते. एक पायरी. दुसरी. तिसरी.

एकही करकरली नाही.

वहिनीनं मागे वळून पाहिलं नाही. सरळ रस्त्यावर आली आणि घरापर्यंत चालत गेली.

हे तिनं मला गेल्या महिन्यात सांगितलं. मी विचारलं, "वहिनी, आता तरी तिचं समाधान झालं असेल ना गं?"

तिनं चहाचा रिकामा कप माझ्या हातात दिला.

मी कप ठेवायला स्वयंपाकघरात गेले. परत आले तेव्हा ती डोळे मिटून बसली होती, मान किंचित कलती करून.

माझी पावलं वाजतात की नाही, ते ऐकत होती.